कोयता आणि सुरी: पोलाद निवडीच्या नोंदी

४ जानेवारी

दोन पाती करायची आहेत. पहिलं कोयत्याचं: २५० मिमी लांब, पाठीला ५ मिमी जाड, वाळक्या फांद्या तोडायला. दुसरं स्वयंपाकघरातल्या सुरीचं: २०० मिमी लांब, पाठीला जेमतेम २ मिमी.

प्रत्येक पोलादाला दहापैकी गुण देणारे तक्ते भरपूर आहेत. ते बाजूला ठेवले आणि प्रत्येक पातं कशाने निकामी होईल हे आधी लिहून काढलं. कोयता मोडेल तो मुठीच्या तोंडाशी, किंवा गाठीवर बसून धारेचा तुकडा उडेल. नुसता बोथट झाला तर कानस मारून तिथल्या तिथे भागतं, त्याची चिंता नाही. सुरीचं उलटं आहे. ती कोणी आपटत नाही, पण तिची पातळ धार दुमडते, रोजच्या कामात झिजते आणि ओली राहिली की गंजते.

म्हणजे कोयत्याला आधी चिवटपणा, मग बाकीचं. सुरीला आधी कठीणपणा आणि बारीक कण (पोलादाच्या आतले स्फटिक), मग गंजरोध. दोन्हींना एकच पोलाद लावायचा विचार इथेच सोडला.

७ जानेवारी

एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवतो, कारण पुढे सगळ्या चाचण्यांमध्ये ती आड येणार आहे. पातं किती ताठ आहे याचा पोलादाच्या जातीशी जवळजवळ संबंध नाही. यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणा मोजणारा आकडा, साध्या कार्बन पोलादाचा आणि महागड्या मिश्र पोलादाचा सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलं, तरी तो बदलत नाही. ताठपणा येतो जाडीतून, आणि तोही घनाच्या प्रमाणात: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट.

पाणी देऊन बदलतं ते वेगळंच. पातं वाकवून सोडल्यावर सरळ होतं, वाकडंच राहतं की मोडतं, एवढंच आपल्या हातात. ‘हे पोलाद लेचंपेचं आहे’ अशी तक्रार ऐकली की मी आधी पात्याची जाडी विचारतो.

१० जानेवारी

उमेदवार ठरवले.

साध्या कार्बन पोलादात १०८४. नावातले शेवटचे आकडे कार्बनचे, म्हणजे ०.८४ टक्के. पोलादात कार्बन ०.७७ टक्क्यांच्या जवळ असला की गरम करताना तो सगळा सहज विरघळतो, जास्तीचा उरत नाही. त्यामुळे १०८४ला भट्टीत फार वेळ धरून ठेवावं लागत नाही. त्याचा थोरला भाऊ १०९५ यादीतून काढला. त्यात मॅंगनीज कमी, ०.३ ते ०.५ टक्के, म्हणून त्याला फार झटपट थंड करावं लागतं. साधारण ८०० अंशांवरून ५४० अंशांखाली एका सेकंदाच्या आत यायला हवं, नाहीतर मार्टेन्साइट या कठीण रचनेऐवजी मऊ पर्लाइट हाती लागतं. साध्या तेलाला ते झेपत नाही आणि पाण्यात बुडवलं तर तडा जाण्याचा धोका. खास वेगवान तेल असेल त्याने १०९५ घ्यावं. माझ्याकडे नाही.

चिवट बाजूला ५१६०: कार्बन ०.६च्या आसपास, क्रोमियम ०.७ ते ०.९. गाड्यांच्या कमानींचं पोलाद ते हेच. त्याच्या शेजारी ८०सीआरव्ही२: कार्बन ०.८च्या आसपास, थोडं क्रोमियम, चिमूटभर व्हॅनेडियम. हे व्हॅनेडियम तापवताना कण वाढू देत नाही.

कठीण आणि बारीक कणांच्या बाजूला ५२१००. हे बेअरिंगचं पोलाद: कार्बन १ टक्का, क्रोमियम दीड टक्क्याच्या आत-बाहेर. आणि गंजरोधक एईबी-एल: कार्बन ०.६७, क्रोमियम १३. हे मुळात दाढीच्या पात्यांचं पोलाद. वस्तऱ्याची धार किती पातळ असते ते पाहिलं की सुरीसाठी याचा विचार का करायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुलनेसाठी डी२ पण घेतलं: कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२. त्याचं नाव फार ऐकू येतं, म्हणून समोरासमोर बघायचं आहे.

१३ जानेवारी

भंगारातल्या पोलादाबद्दल. कमानीचा पाटा, जुनी कानस, करवतीचं पातं, बेअरिंग यांच्यातून उत्तम हत्यारं होतात, यात वाद नाही. पण या प्रकल्पात ती घेणार नाही. कमानीचा पाटा ५१६० असेलच असं नाही. सिलिकॉन-मॅंगनीजची किंवा क्रोमियम-व्हॅनेडियमची पोलादंही कमानींना वापरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे पाटा लाखो वेळा दबून उठलेला असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात आणि ते पाणी देताना किंवा त्याहून वाईट म्हणजे काम करताना उघडे पडतात.

ज्याला भंगारच वापरायचं आहे त्याने आधी एक छोटा तुकडा कापून घ्यावा, चुंबक चिकटायचं बंद होईल त्याच्या थोडं वर तापवून तेलात बुडवावा आणि त्यावर कानस फिरवून बघावी. कानस काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर पोलाद घेण्याजोगं. मग तो तुकडा मोडून आतला कण बघावा. सगळं पातं घडवून झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

बांधकामाची सळई घेऊ नये. रेल्वे रुळाचे खिळेही नाहीत; ‘एचसी’ असा शिक्का असलेल्या खिळ्यांतही कार्बन ०.३ टक्क्यांच्या घरातच असतो. पात्यासारखी दिसणारी वस्तू होते, धार टिकत नाही. आजच्या चकती-करवतींचे फक्त दात कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या कठीण संयुगाचे) असतात, अंगाचं पोलाद काहीही असू शकतं. आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नये, त्याचा धूर विषारी आहे.

१६ जानेवारी

पट्ट्या आल्या, सोबत रासायनिक घटकांचे दाखले. प्रत्येक जातीच्या पट्टीच्या टोकाला वेगळा रंग लावून ठेवला. भट्टीत रंग जळतो, म्हणून पंचाने खुणाही केल्या.

१९ जानेवारी

चाचणीसाठी १०० मिमी लांब, २० मिमी रुंद, ३ मिमी जाड असे तुकडे कापले. आज फक्त नॉर्मलायझिंग (तापवून हवेत निववून आतली रचना एकसारखी करणं), तेही ५२१००, ५१६० आणि ८०सीआरव्ही२चं. ५२१०० कारखान्यातून गोलसर कार्बाइडच्या रूपात येतं. कापायला, भोकं पाडायला ते सोपं जातं, पण तसंच पाणी दिलं तर कार्बन पुरेसा विरघळत नाही. ९०० अंशांच्या थोडं वर नेऊन हवेत थंड केलं, मग दुसरी फेरी त्याहून खाली. एईबी-एल आणि डी२ला हे करायचं नसतं. ती हवेतही कठीण होतात आणि मग कापता येत नाहीत.

गॅसच्या भट्टीत तापमान कसं ओळखायचं, यावर एक नोंद. लोहचुंबक ७७० अंशांना पोलाद सोडतं. १०८४ला हवं आहे ८१५. म्हणजे चुंबक सुटल्यावर अजून थोडं, लाल रंग एक छटा उजळ होईपर्यंत. पण रंगावर विसंबायचं तर जागा कायम तीच आणि अंधारी हवी. भर उन्हात जे फिकट तांबडं दिसतं तेच अंधारात नारिंगी भासतं. अंधारात अजून एक खूण मिळते: तापलेली पट्टी बाहेर काढून हवेत धरली की निवता निवता मध्येच ती पुन्हा उजळते आणि एक सावली पात्यावरून सरकत जाते. आतली रचना बदलताना उष्णता बाहेर पडते, तीच ही उजळी. ती सावली एकदा बघितली की भट्टी पुष्कळ शिकवते.

तरीही भट्टीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवलं आहे. ५२१००ला ८१५ ते ८४५ अंशांच्या पट्ट्यात दहा मिनिटं धरून ठेवायचं असतं आणि हे नजरेने होत नाही. तापमान वर गेलं की त्यातला जास्त कार्बन विरघळतो. विरघळलेला कार्बन ०.६ टक्क्यांच्या बराच वर गेला की मार्टेन्साइट पाट्यांच्या आकाराचं होतं, आणि ते ठिसूळ. शिवाय ऑस्टेनाइट, ही तापलेल्या पोलादातली मऊ रचना, थोडी न बदलता आत उरते. एक टक्का कार्बन आहे म्हणून तो सगळा विरघळवायचा नसतो; काही कार्बाइड तसेच राहू द्यायचे, झीज तेच थोपवतात.

२२ जानेवारी

पाणी देण्याचा दिवस. साध्या आणि कमी मिश्र पोलादांसाठी तेल ५० अंशांपर्यंत गरम केलं. थंड तेल घट्ट असतं, ते पात्याभोवती नीट फिरत नाही आणि उष्णता उचलायला वेळ लावतं. पट्टी आत गेल्यावर ती धार-पाठ या दिशेने हलवायची, आडवी हलवली की एक बाजू आधी थंड होते आणि बाक येतो. तेलाचं भांडं धातूचं, खोल, वर घट्ट बसणारं झाकण हाताशी. पट्टी अर्धवट बुडाली की ज्वाळा उठतात, म्हणून एका दमात पूर्ण आत.

१०८४, ८०सीआरव्ही२, ५१६०, ५२१०० सगळ्यांवर कानस घसरली. वरचा पापुद्रा काढून मगच तपासायचं, कारण भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळतो आणि तो पातळ थर मऊ राहतो. वरवर कानस लावून ‘पाणी लागलं नाही’ असं ठरवणारे बरेच असतात.

एईबी-एल आणि डी२ विद्युत भट्टीत, स्टेनलेसच्या पातळ पत्र्याच्या पाकिटात बंद करून. एईबी-एल १०७० अंशांना पंधरा मिनिटं, मग पाकिटासकट दोन जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यांमध्ये दाबलं. तेल नाही, धूर नाही, आणि पाट्यांमुळे सरळही राहतं. लगेच कोरड्या बर्फात ठेवलं, म्हणजे उरलेलं ऑस्टेनाइट कमी होतं.

२३ जानेवारी

टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवणं) करण्याआधी प्रत्येक जातीचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरून मोडला. नीट पाणी लागलेल्या पोलादाचा मोडलेला भाग करडा, मखमली दिसायला हवा, कण डोळ्यांना वेगळे कळता कामा नयेत. १०८४चा एक तुकडा मुद्दाम ९५० अंशांच्या वर नेऊन तेलात बुडवला होता. तो हलक्या टिचकीसरशी मोडला आणि आत साखरेसारखे चकाकणारे दाणे निघाले. तेच पोलाद, तेच तेल, फक्त भट्टी जास्त तापलेली. ८०सीआरव्ही२चाही तुकडा तितकाच तापवला होता. त्याचे कण वाढले, पण १०८४इतके नाहीत. व्हॅनेडियमची करामत इथे दिसते.

पोलादाच्या जातीवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघावेत असं मला वाटतं. उत्तम नावाचं पोलाद आणि वाढलेला कण यांच्यापुढे साधं १०८४ आणि बारीक कण कधीही सरस.

२६ जानेवारी

टेम्परिंग. दोन तास, पूर्ण निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, आत वेगळा तापमापक ठेवला आणि पट्ट्या वाळूच्या तबकात ठेवल्या, म्हणजे चढ-उतार कमी पोचतात.

पृष्ठभागावर उमटणाऱ्या रंगांवरून टेम्परिंग करायची जुनी रीत आहे: पिवळट रंग, मग तपकिरी, जांभळा, निळा. पण तो रंग म्हणजे नुसता ऑक्साइडचा थर. वेळ वाढली की त्याच तापमानाला तो गडद होतो, आणि क्रोमियम जास्त असलेल्या पोलादावर तोच रंग बऱ्याच वरच्या तापमानाला उमटतो. १०८४वर रंग बघून काम भागेल, एईबी-एलवर नाही.

निळा होईपर्यंत तापवलं की पातं चिवट होतं, असंही बरेच जण मानतात. २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात बहुतेक कार्बन पोलादं उलट ठिसूळ होतात. कठीणपणाही जातो आणि बदल्यात चिवटपणाही मिळत नाही. पात्याची धार त्या पट्ट्यात न्यायचीच नाही.

३० जानेवारी

रॉकवेल, म्हणजे कठीणपणाचे आकडे (एचआरसी), मोजून आणले. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबतात, त्यामुळे दोन्ही बाजू समांतर आणि साफ हव्यात. २०० अंशांना टेम्पर केलेलं ५१६० ५८, ८०सीआरव्ही२ आणि १०८४ ६०च्या जवळ, ५२१०० ६१. एईबी-एल १७५ अंशांना, ६१. डी२ ६०.

घरी तपासायला वेगवेगळ्या कठीणपणाच्या कानशींचा संच मिळतो, ४० ते ६५, पाच-पाचच्या टप्प्यांनी. दोन जवळच्या पोलादांतला फरक त्याने कळत नाही. पाणी लागलं की नाही, एवढं मात्र चोख कळतं.

३ फेब्रुवारी

मोडण्याची चाचणी. तुकडा व्हाइसमध्ये अर्धा धरून वरून ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं, मोडेपर्यंत उंची वाढवत जायची. प्रयोगशाळेतल्या शार्पी या आघात-चाचणीची ही गावठी बहीण. आकडे कोणाला देण्याजोगे नाहीत, क्रम मात्र दिसतो.

सगळ्यात आधी डी२ मोडलं, आणि बऱ्याच अंतराने आधी. त्यात क्रोमियम कार्बाइडचे मोठमोठे गोळे असतात, ते ओतताना तयार झालेले असतात आणि कितीही पाणी दिलं तरी बारीक होत नाहीत. तडा तिथूनच निघतो. हेच गोळे झीज थोपवतात, म्हणून डी२ साच्यांसाठी आणि ठशांसाठी नावाजलेलं आहे. पातळ धारेत मात्र ते खडे ठरतात. त्याला ‘जवळजवळ स्टेनलेस’ म्हणतात त्याचंही कारण तेच: १२ टक्क्यांतलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंज अडवायला मोकळं थोडंच उरतं. एईबी-एलमध्ये फक्त एकच टक्का जास्त क्रोमियम आहे, पण कार्बन निम्म्याहून कमी, त्यामुळे बहुतेक क्रोमियम मोकळं राहतं.

त्यानंतर १०८४, मग ५२१००, मग ८०सीआरव्ही२. ५१६० आणि एईबी-एल सगळ्यात शेवटी, आणि मोडण्याआधी दोन्ही दिसण्याइतके वाकले. स्टेनलेस म्हणजे ठिसूळ हा समज एईबी-एलने निकालात काढला.

६ फेब्रुवारी

घासायच्या यंत्राचे बेल्ट संपले. ग्राइंडिंग बंद.

१० फेब्रुवारी

धारेच्या चाचण्या. सगळ्या तुकड्यांना प्रत्येक बाजूला १५ अंशांची सारखी धार लावली. पितळी सळईवर धार दाबून ओढायची आणि भिंगातून बघायचं: धार वाकून परत आली तर ठीक, वाकलेली राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ. मग जाड दोर कापत राहायचं, कागद फाडायला लागेपर्यंत.

दोरावर डी२ सगळ्यांत जास्त टिकलं, अपेक्षेप्रमाणे. त्यानंतर ५२१०० आणि एईबी-एल जवळजवळ बरोबरीने. मग १०८४च्या एका तुकड्याची धारेमागची जाडी कमी केली आणि कोन १२ अंशांवर आणला, तर त्याने १५ अंशांच्या ५२१००लाही मागे टाकलं. पोलाद बदलून जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक तीन अंशांनी पाडला. अर्थात तेवढी पातळ धार टिकवायला पोलाद कठीण आणि बारीक कणांचं लागतंच, म्हणून दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

पावडर पोलादांचा (धातूची भुकटी दाबून केलेल्या पोलादांचा) विचार याच संदर्भात केला. सीपीएम ३व्ही कोयत्याला शोभेल, आणि २०२१मध्ये बाजारात आलेलं सीपीएम मॅग्नाकट सुरीला. मॅग्नाकटमध्ये क्रोमियमचे कार्बाइड जवळपास राहतच नाहीत, फक्त व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कार्बाइड उरतात, त्यामुळे झीज, चिवटपणा आणि गंजरोध तिन्ही साधतं. हेवा वाटावा असं काम आहे. पण व्हॅनेडियम कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या धारदगडापेक्षाही कठीण असतात, म्हणून नीट धार लावायला हिऱ्याचे दगड हवेत. ही सुरी ज्यांच्या हातात जाणार त्यांच्याकडे एकच साधा दगड आहे. ज्या पोलादाला तिथे धार लावता येत नाही ते तिथे कामाचं नाही.

१३ फेब्रुवारी

निर्णय.

कोयत्याला ५१६०, टेम्परिंग २३० अंशांना, म्हणजे ५६-५७ एचआरसी. चाचणीत ५८ ठेवलं होतं. दोन अंक सोडले ते कानशीसाठी. रानात धार लावायची साधी कानस ५९-६०च्या पोलादावर नुसती घसरते. ८०सीआरव्ही२ धार थोडी जास्त टिकवतं आणि लहान चाकू असता तर तेच घेतलं असतं.

सुरीला एईबी-एल, ६१. ५२१००ची धार दगडावर जास्त सहज येते, हे मान्य. पण पुसून ठेवायची शिस्त सगळ्यांना नसते. विद्युत भट्टी नसती तर एईबी-एलचा विचारही केला नसता. १०७० अंश आणि पंधरा मिनिटं गॅसच्या भट्टीत नजरेने साधत नाहीत. अशा वेळी १०८४ घेऊन ते नीट पाणी द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

१७ फेब्रुवारी

कोयत्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाला काटकोनी खाच ठेवली नाही. दोन्ही बाजूंना ५ मिमी त्रिज्येचा गोल दिला. टोकदार कोपऱ्यात ताण साचतो आणि चिवटातलं चिवट पोलादही तिथून तडकतं. कानशीचे आडवे ओरखडेही त्या भागातून पूर्ण काढले. टेम्परिंग झाल्यावर धार पाण्यात बुडवून मुठीचा भाग टॉर्चने निळ्याच्याही पुढे, करडा होईपर्यंत नेला. तिथे कठीणपणा नकोच आहे.

२१ फेब्रुवारी

सुरी पाट्यांमधून काढली तेव्हा टोकाकडे किंचित बाक होता. टेम्परिंगच्या दुसऱ्या फेरीत सरळ जाड पट्टीला क्लॅम्पने बांधून, बाकाच्या उलट बाजूला पातळ पाचर घालून ठेवली. निघाली तेव्हा सरळ.

२ मिमीच्या पात्याचा उतार पाणी दिल्यावरच घासला, आधी घासला असता तर वेडावाकडा झाला असता. हातमोजा न घालता, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवून. बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं. धारेवर क्षणभर जरी निळा डाग उमटला तरी तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं आणि तो घासून काढण्यावाचून इलाज नसतो.

२५ फेब्रुवारी

कोयता वाळक्या, गाठाळ लाकडावर चालवला. भिंगातून बघितलं: एका ठिकाणी धार किंचित दुमडली आहे, तुकडा कुठेही उडालेला नाही. कोन प्रत्येक बाजूला २० होता, तो २२ करून पुन्हा त्याच लाकडावर चालवला. या वेळी दुमड नाही. २२च ठेवतो.

सुरीची धारेमागची जाडी ०.२ मिमी, कोन १२. पितळी सळईवर धार वाकून परत येते. दोन्ही पात्यांवर मुठीजवळ पोलादाचं नाव, टेम्परिंगचं तापमान आणि एचआरसी कोरलं. उरलेल्या ५२१००च्या पट्टीची लहान चाकूसाठी आखणी करून ठेवली आहे, पाठीला अडीच मिमी.